केबलसाठी स्वस्तातला टीव्ही ट्यूनर घ्यायचाय? आधी सेटटॉप बॉक्सच्या मागे बघा

आमच्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना त्यांना आतल्या खोलीतच झोपून राहायचं होतं. टीव्ही बाहेरच्या खोलीत भिंतीवर ठोकलेला, आत माझा जुना १९ इंची मॉनिटर कपाटावर धूळ खात पडलेला. बाबांना संध्याकाळच्या बातम्या लागतात म्हणजे लागतातच, त्यात मॅच असली की विचारू नका, आणि दीड महिन्यासाठी नवीन टीव्ही घ्यायला मन होईना. मग ठरवलं, बाजारात एक्स्टर्नल टीव्ही ट्यूनर, म्हणजे केबलमधलं चॅनल पकडून मॉनिटरवर दाखवणारा डबा, मिळतो तो आणायचा, केबलची वायर त्यात खुपसायची, मॉनिटर जोडायचा, झालं. पण ते तसं होत नाही, आणि का होत नाही हे नीट कळेपर्यंत माझ्या ठाणे स्टेशनला दोन फेऱ्या झाल्या आणि एक चुकीची वस्तू घरात आली. तुमचे तेवढे पैसे आणि फेऱ्या वाचाव्यात म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी : केबलची वायर थेट ट्यूनरमध्ये लावून काही दिसणार नाही

पूर्वी दिसायचं. भिंतीतून आलेली काळी वायर थेट टीव्हीत जायची, ऑटो सर्च केलं की चॅनल एकामागून एक लागायचे. ती ॲनालॉग केबल. एक चॅनल म्हणजे ७ किंवा ८ मेगाहर्ट्झची एक जागा, ट्यूनरने ती जागा पकडली की चित्र आलं. स्वस्तातले जे डबे ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणून विकले जातात ते याच जमान्यातले आहेत, त्यांच्या आतला ट्यूनर ॲनालॉगच असतो.

मग २०११ मध्ये केबलच्या कायद्यात बदल झाला आणि टप्प्याटप्प्याने सगळं डिजिटल झालं. मुंबईचा नंबर पहिल्या टप्प्यात, ३१ ऑक्टोबर २०१२. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांमध्ये, मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हा घरोघरी बॉक्स बसवायची किती धावपळ झाली होती ते आठवत असेल. आता त्याच वायरमधून डीव्हीबी-सी पद्धतीचा डिजिटल सिग्नल येतो. पूर्वी ८ मेगाहर्ट्झमध्ये एक चॅनल बसायचं, आता त्याच जागेतून साधारण ३८ एमबीपीएस डेटा जातो आणि त्यात साधे एसडी चॅनल डझनाच्या वर बसतात. ॲनालॉग ट्यूनरला यातलं काही कळत नाही, त्याला नुसत्या मुंग्या दिसतात.

यावर कोणी म्हणेल की मग डिजिटल ट्यूनर घेऊ, यूएसबीवाला डीव्हीबी-सी डोंगल ऑनलाइन मिळतो. मीही हाच विचार केला होता. पण खरी अडचण पुढे आहे, कायद्यातच लिहिलंय की केबलवरचं चॅनल, कुठलंही, एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद स्वरूपात पाठवायचं. म्हणजे डोंगल सिग्नल पकडेल, चॅनलची नावंही कदाचित दाखवेल, पण चित्राच्या जागी काळं किंवा ‘स्क्रॅम्बल्ड’ येणार. नवीन स्मार्ट टीव्हीत डीव्हीबी-सी ट्यूनर असतो, त्यात केबल थेट लावून बघितलीत तरी हेच होतं. कुलूप उघडणारी किल्ली फक्त तुमच्या केबलवाल्याने दिलेल्या बॉक्समध्ये आणि त्याच्या कार्डात असते, दुसऱ्या कंपनीचा बॉक्स आणून लावला तरी चालत नाही.

थोडक्यात ट्यूनर तुमच्या घरात आधीच आहे, तो म्हणजे तो सेटटॉप बॉक्स. तुम्हाला विकत घ्यायचंय ते बॉक्समधून निघणारं चित्र मॉनिटर किंवा लॅपटॉपपर्यंत नेणारं काहीतरी. हे एकदा डोक्यात बसलं की खर्च पण कमी होतो, कारण दुकानात जाऊन ‘टीव्ही ट्यूनर द्या’ म्हटलं तर महागाचा डबा मिळतो आणि बऱ्याच लोकांना त्याची गरजच नसते.

बॉक्स उलटा करा, मॉनिटर उलटा करा

मोबाईलचा टॉर्च घ्या आणि बॉक्सच्या मागे काय काय भोकं आहेत त्याचा फोटो काढा. मग मॉनिटरच्या मागचा फोटो. हे दोन फोटो घेऊनच दुकानात जायचं.

बॉक्सच्या मागे साधारण हे सापडेल. आरएफ इन, म्हणजे केबलची वायर जिथे फिरवून बसते ते. त्याच्या शेजारी कधी कधी आरएफ आउट किंवा लूप असं लिहिलेलं असतं आणि इथे भरपूर लोक फसतात, त्यांना वाटतं यातून चॅनल बाहेर येतं म्हणजे ट्यूनर इथे लावू. तसं नाही, लूपमधून भिंतीवरून आलेला तोच कुलूपबंद सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो, दुसऱ्या बॉक्सला द्यायला. मग पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं, पिवळं चित्राचं, पांढरं-लाल आवाजाचं, यालाच दुकानात एव्ही म्हणतात. छोट्या बॉक्सवर या तिघांच्या जागी हेडफोनसारखं एकच गोल भोक असतं, त्याबद्दल खाली वेगळं सांगते. आणि बॉक्स एचडी असेल तर एचडीएमआय.

मॉनिटरच्या मागे निळं, १५ पिनांचं म्हणजे व्हीजीए, पांढरट चौकोनी लांबट म्हणजे डीव्हीआय, आणि चपटं ते एचडीएमआय. ऑडिओचं भोक आहे का, स्पीकर आहे का हेही बघा, जुन्या मॉनिटरला बहुतेक वेळा आवाज नसतोच आणि ते घरी आल्यावर लक्षात येतं.

आता कोणी काय घ्यायचं

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर काहीही घेऊ नका. एक एचडीएमआय केबल, बस. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर एचडीएमआय-डीव्हीआय केबल मिळते, चित्र तितकंच स्वच्छ येतं, फक्त डीव्हीआयमधून आवाजाची खात्री धरू नका, आवाज बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून कॉम्प्युटर स्पीकरला न्यायचा.

बॉक्सला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआय टू व्हीजीए ॲडॉप्टर. घेताना बाजूला ऑडिओचं भोक असलेलाच घ्या, किमतीत फार फरक नसतो. एक सावधगिरी, काही बॉक्स एचडीएमआयवर कॉपी प्रोटेक्शन लावतात, एचडीसीपी म्हणतात त्याला, समोरचं उपकरण ओळखीचं नसेल तर पडदा काळा. म्हणून परत घेण्याचं कबूल करूनच घ्या. काळा पडदा आलाच तर एव्हीच्या वाटेने जायचं, तिथे हा प्रश्न येत नाही.

बॉक्सला फक्त एव्ही आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय, तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर, हातात मावणारी काळी किंवा पांढरी डबी. आणि इथेच माझी चूक झाली तशीच चूक तुमची होऊ शकते. या डब्या दोन दिशांच्या असतात, एव्ही टू एचडीएमआय आणि एचडीएमआय टू एव्ही, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. व्हीजीएच्या बाबतीतही तेच. मी गर्दीत घाईने उचलली ती व्हीजीए टू एव्ही होती, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर दाखवणारी, मला हवी होती बरोबर उलटी. घरी आणून अर्धा तास वायरी उलटसुलट केल्या तेव्हा डबीवरची बारीक अक्षरं वाचली. डबीवर इनपुट कुठल्या बाजूला लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. इनपुटच्या बाजूला पिवळं भोक पाहिजे.

आता बॉक्सला एव्ही आणि मॉनिटरला व्हीजीए, हे सगळ्यात जास्त घरांत असतं, आणि इथे मात्र तो जुना एक्स्टर्नल टीव्ही ट्यूनर खरंच कामाला येतो, जरा विस्ताराने लिहिते.

या जोडीसाठी दोन वस्तू मिळतात. एक नुसता एव्ही टू व्हीजीए कन्व्हर्टर, तो साधा, स्वस्त. दुसरा पूर्ण टीव्ही ट्यूनर डबा, त्याला रिमोट असतो, केबलचं भोक असतं (ते आपण रिकामं ठेवायचं), एव्ही इन असतं, आणि महत्त्वाचं म्हणजे व्हीजीए इन आणि व्हीजीए आउट दोन्ही असतात. म्हणजे कॉम्प्युटरची व्हीजीए वायर डब्यात, डब्यातून मॉनिटरला, आणि रिमोटवरच्या एका बटणाने कॉम्प्युटर की टीव्ही ते बदलायचं. डब्याला कॉम्प्युटर चालू लागत नाही, ना ड्रायव्हर ना सॉफ्टवेअर. काहींमध्ये काम करता करता कोपऱ्यात छोट्या चौकटीत टीव्ही दिसतो.

माझं मत स्पष्ट आहे, मॉनिटर फक्त टीव्हीसाठीच वापरणार असाल तर ट्यूनर डब्याचे जास्तीचे पैसे घालू नका, साधा कन्व्हर्टर घ्या. एकाच मॉनिटरवर दिवसा मुलांचा अभ्यास आणि रात्री सिरियल असं चालत असेल तर ट्यूनर डबा घ्या, रोज वायरी काढ-घाल करून व्हीजीएच्या पिना वाकतात. सेकंडहँड डबा मिळाला तर तो सगळ्यात स्वस्त, कारण त्याचा ट्यूनर आता कोणालाच नकोय, आपल्याला त्याचा एव्ही भागच हवाय. सेकंडहँड घेताना ओरिजनल पॉवर ॲडॉप्टर सोबत आहे ना बघा, दुसरा लावायचा तर व्होल्ट आणि पिनेची पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे ते) डब्यावर छापलेली असते तीच पाहिजे.

रिझोल्यूशनकडेही लक्ष द्या. जुने डबे १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय १०२४ पर्यंतच देतात, ते चौकोनी मॉनिटरला ठीक, रुंद मॉनिटरवर सगळ्यांची तोंडं फुगलेली दिसतात. माझा मॉनिटर १४४० बाय ९०० चा, त्यामुळे तो आकडा खोक्यावर शोधूनच घेतला. आणि अपेक्षा नीट ठेवा, एव्हीतून येणारं चित्र जुन्या पाल पद्धतीचं, ६२५ रेषांचं असतं, त्यातल्या चित्राच्या ५७६. डब्यावर ‘फुल एचडी’ छापलेलं असलं तरी चित्र फक्त ताणलं जातं, बारीक होत नाही.

लॅपटॉपवर बघायचं असेल तर

घणसोली, ऐरोलीकडे रूम शेअर करून राहणारी बरीच पोरं हेच विचारतात, मॉनिटर नाही, लॅपटॉप आहे. लक्षात घ्या, लॅपटॉपचं एचडीएमआय भोक हे आउट असतं, त्यात बॉक्स लावून काही होत नाही. त्यासाठी यूएसबी कॅप्चर लागतो, म्हणजे बॉक्सचं चित्र यूएसबीतून लॅपटॉपमध्ये घेणारी वस्तू.

एव्हीवाला छोटा कॅप्चर मिळतो, स्वस्त आहे, पण त्याच्या आत चिप वेगवेगळ्या असतात आणि नवीन विंडोजवर प्रत्येकाचा ड्रायव्हर चालेलच असं नाही, मी तरी तो टाळायला सांगेन. लिनक्स वापरत असाल तर एसटीके११६० किंवा यूटीव्ही००७ चिपवाले चालतात, त्यांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात. बॉक्स एचडी असेल तर एचडीएमआयवाला यूएसबी कॅप्चर घ्या, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, लॅपटॉपला वेबकॅमसारखा ओळखता येतो, ड्रायव्हर लागत नाही. मग व्हीएलसी उघडून मीडिया मेनूत ‘ओपन कॅप्चर डिव्हाइस’, तिथे व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे तो कॅप्चर निवडायचा, नाहीतर आवाज लॅपटॉपच्या माइकचा येत बसतो. आवाज-चित्रात थोडा उशीर राहतो, बघायला त्रास होत नाही. इथेही एचडीसीपीमुळे काळा पडदा येऊ शकतो, मग एव्ही टू एचडीएमआय डबी मध्ये घालून एव्हीची वाट.

कुठे जायचं, दुकानात काय करायचं

ठाण्यात स्टेशन रोड आणि गोखले रोडच्या बाजूला कॉम्प्युटर ॲक्सेसरीजची दुकानं आहेत, वाशीत सेक्टर १७ कडे. साधे कन्व्हर्टर, ॲडॉप्टर तिथे मिळून जातात. पूर्ण ट्यूनर डबा आता सगळीकडे ठेवत नाहीत, त्यासाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडायची आणि ग्रँट रोडला उतरून चालत. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. ऑनलाइन घेणार असाल तर रिटर्न चालतं का ते आधी बघा, या वस्तूंमध्ये पीस खराब निघण्याचं प्रमाण बऱ्यापैकी आहे.

आता एक गोष्ट जी मला दुसऱ्या फेरीत सुचली आणि ज्याने काम झालं. तुमचा सेटटॉप बॉक्स, त्याचा ॲडॉप्टर आणि रिमोट पिशवीत घालून दुकानात घेऊन जा. दुकानात केबल नसते म्हणून लोक नेत नाहीत, पण बॉक्स चालू केला की कंपनीचा लोगो आणि मग ‘नो सिग्नल’चा पडदा येतो ना, रिमोटने मेनू उघडतो ना, तेवढं चित्र टेस्टिंगला भरपूर आहे. दुकानदाराला म्हणा, दादा, तुमच्या मॉनिटरवर लावून दाखवा. मेनूची अक्षरं वाचता येतायत का, रंग आहेत का, पाच मिनिटात डबा किती गरम होतो, हे उभ्या उभ्या कळतं. आणि बिल घ्या, त्याच्यावर बदलून देण्याचे दिवस लिहून घ्या.

जोडणी

सगळं बंद करून, प्लग काढून मगच वायरी लावा. हे उगाच नाही सांगत, दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या वस्तूंना अर्थिंग नसतं, चालू असताना एका हातात केबलची पिन आणि दुसऱ्यात डबा धरला तर मुंग्या येतात, आणि तो झटका कधी कधी पोर्टलाही बसतो.

बॉक्सची पिवळी ते डब्याची पिवळी, लाल-पांढऱ्या डब्याच्या ऑडिओ इनला किंवा सरळ स्पीकरला. मग डब्यातून व्हीजीए मॉनिटरला. आधी मॉनिटर चालू, मग डबा, शेवटी बॉक्स. डब्याच्या रिमोटवर सोर्स दाबून एव्ही निवडा.

- मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर डब्यावरचं रिझोल्यूशनचं बटण एकेकदा दाबत जा, प्रत्येक वेळी चारपाच सेकंद थांबा.
- चित्र ब्लॅक अँड व्हाइट किंवा वरखाली सरकतंय तर मेनूत पालऐवजी एनटीएससी ही दुसरी पद्धत लागलीय, ती पाल करा. यूएसबी कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सेटिंग असते.
- आडवे पट्टे हळूहळू वर सरकतायत आणि स्पीकरमध्ये घूं आवाज, तर बॉक्स, डबा, मॉनिटर, स्पीकर सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. माझ्याकडे एवढ्यानेच गेलं.

ते हेडफोनसारखं एकच गोल भोक असलेल्या बॉक्सचं सांगायचं राहिलं. त्याची वायर एका बाजूला चार भागांची ३.५ एमएम पिन आणि दुसऱ्या बाजूला तीन रंग अशी असते. पण त्या चार भागांपैकी चित्र कुठल्या भागावर आणि ग्राउंड कुठल्या हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. बॉक्ससोबत आलेली वायर असेल तर तीच वापरा. बाजारातून आणलेलीने चित्र आलं नाही आणि स्पीकरमध्ये भणभण आवाज आला तर लगेच परत करू नका, पिवळ्या भोकात लाल पिन लावून बघा, मग पांढरी. पुष्कळदा चित्र लाल पिनेवर सापडतं, मग रंगाकडे न बघता तशीच ठेवायची.

एकाच बॉक्सवर दोन खोल्या

आमचं बाबांचं काम शेवटी असं जमलं. बाहेरचा टीव्ही एचडीएमआयवर चालू होता, त्याच बॉक्सची एव्ही रिकामी होती, आणि बऱ्याच बॉक्सवर दोन्हीतून एकाच वेळी चित्र निघतं. आधी छोटी वायर लावून खात्री केली, मग एव्ही आतल्या खोलीत नेली. दुसरं कनेक्शन नाही, महिन्याला जास्तीचं रिचार्ज नाही. दोन्हीकडे एकच चॅनल दिसतं ही मर्यादा आहे, घरात ते चालत असेल तरच.

अंतर होतं साधारण १० मीटर. तयार मिळणाऱ्या बारीक एव्ही वायरीने एवढ्या अंतरावर चित्र फिकं पडतं. म्हणून पिवळ्या पिनेसाठी आमच्या केबलवाल्या काकांकडून आरजी-६ वायर घेतली, तीच केबलची काळी, आणि तिच्या दोन्ही टोकांना आरसीए, म्हणजे एव्हीच्या भोकात बसणाऱ्या, पिना लावून घेतल्या. ती ७५ ओहमची असते, एव्हीच्या चित्राला नेमकी तीच लागते, त्यामुळे चित्रात काडीचा फरक पडला नाही. आवाजाला साधी वायर चालली. रिमोटचा सिग्नल आतल्या खोलीतून बॉक्सपर्यंत नेणारा आयआर एक्स्टेंडर मिळतो, आम्ही घेतला नाही, बाबा आतून हाक मारायचे आणि आई चॅनल बदलायची.

दोन वेगळे बॉक्स लावणार असाल तर केबलची वायर फोडावी लागेल. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साडेतीन ते चार डीबी सिग्नल खातो, आधीच सिग्नल काठावर असेल तर चित्र चौकोन चौकोन होऊन अडकायला लागतं. तसं झालं तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका, एव्हीच्या बिघाडात चौकोन कधीच येत नाहीत, मुंग्या किंवा पट्टे येतात. चौकोन म्हणजे बॉक्सच्या आधीच्या वायरीत गडबड, केबलवाल्याला बोलवा आणि पिना बदलून घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे या पिना हमखास सडतात, गच्चीवरून लोंबत येणाऱ्या वायरीतून पाणी उतरत खालपर्यंत येतं. वायर खिडकीतून आत शिरते तिथे ती आधी थोडी खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे थेंब बाहेरच गळतील. आणि आभाळ भरून आलं की, विजा कडकडायला लागायच्या आधीच, बॉक्समधून केबलची पिन फिरवून काढा आणि सगळ्यांचे प्लग काढून ठेवा, एव्हीने आता तुमचा मॉनिटर, स्पीकर, टीव्ही सगळे त्याच एका वायरीला जोडलेले असतात.